दीड मिलिमीटरचा काठ

क्लच म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला दोन वाक्यांत सांगता यायला मला नोकरीची सहा वर्षं लागली. त्याआधी मी पुस्तकातली व्याख्या सांगायचो. समोरचा शेतकरी मान हलवायचा, आणि मी ऑफिसात गेलो की सत्तारभाईंना हळूच विचारायचा, "साहेब काय म्हनले?"

सत्तारभाई आमच्या वर्कशॉपचे सगळ्यात जुने मिस्त्री. ते समजावून सांगायचे ते असं. दोन थाळ्या घ्या आणि मधे ज्वारीची भाकर ठेवा. मागची थाळी स्प्रिंगांनी दाबून धरली की इंजिनाकडच्या थाळीबरोबर भाकरही फिरते, आणि भाकर फिरली की चाकं फिरतात. पेडल दाबलं की मागची थाळी सैल होते. इंजिन फिरतच राहतं, भाकर थांबते, तेवढ्यात गिअर बदलून घ्यायचा. इंजिनाकडची थाळी म्हणजे फ्लायव्हील, भाकर म्हणजे क्लचप्लेट आणि मागची थाळी म्हणजे प्रेशरप्लेट. शेतकरी हसायचा, पण त्याला कळायचं. पुढे मीही हीच भाकर सांगायला लागलो. ती माझी नाही, हे इथे लिहून ठेवतो.

मी मूर्तिजापूरचा. वडील जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलायचे. घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पलीकडे गेलं नव्हतं. शाळेतल्या सरांनी कृषी अभियांत्रिकीचा फॉर्म स्वतःच्या हातानं भरला, स्वतः अकोल्याला घेऊन आले, वसतिगृहात माझी वळकटी ठेवली आणि मगच परत गेले. निकाल लागला त्या दिवशी वडिलांनी जिनिंगमधल्या हमालांना चहा पाजला आणि मला त्यांच्यासमोर उभं करून दाखवलं. त्या दिवसापासून गल्लीत मी 'इंजिनेर' झालो. मोठेपणा सांगण्यासाठी हे लिहीत नाही. त्या माणसांनी मला घडवलं. पण त्या कौतुकाचं एक ओझंही होतं. इंजिनेर चुकू शकतो, असं आमच्या गल्लीत कुणालाच वाटत नव्हतं, आणि हळूहळू मलाही वाटेनासं झालं.

नोकरी एकाच ट्रॅक्टर विक्रेत्याकडे केली. आधी अकोल्याच्या शाखेत आणि ती बंद झाल्यावर अमरावतीला. सत्तारभाई दोन्हीकडे माझ्याबरोबर होते. ते माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, चौथीपर्यंत शिकलेले. ते मला साहेब म्हणायचे आणि मी त्यांना भाई. नव्या गिऱ्हाइकाला ते मुद्दाम सांगायचे, "आमचे साहेब डिग्रीवाले हायेत, अंदाजानं काम नाई करत." ते स्वतः अंदाजानंच काम करायचे, आणि त्यांचा अंदाज माझ्या मोजमापाच्या आधी पोचलेला असायचा.

नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. अकोल्याजवळच्या एका गावातला नवा ट्रॅक्टर आला. पेडल पूर्ण दाबलं तरी क्लच सुटत नव्हता आणि गिअर टाकला की करकर आवाज यायचा. मी पुस्तक उघडून पेडलची ढिलाई तीनदा जुळवली. उपयोग झाला नाही. सत्तारभाईंनी इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे केले तेव्हा प्लेट शाफ्टवर गंजून घट्ट बसलेली दिसली. आठ महिन्यांच्या ट्रॅक्टरला एवढा गंज कसा, हे मला कळेना. सत्तारभाईंनी चेसिसच्या एका खाचेत साचलेल्या पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकले. "खारं हाय," ते म्हणाले. "हा मानूस रोज बोअरच्या पान्यानं आंघोय घालून राहिला याले." मालक शेजारीच उभा होता. आपण ट्रॅक्टरला बैलासारखं रोज धुतो, हे तो आल्यापासून अभिमानानं सांगत होता. खारपाणपट्ट्यातलं पाणी पिकाचं काय करतं, हे त्याला माहीत होतं. लोखंडाचं काय करतं, ते मला माहीत असायला हवं होतं. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात ते पाणी कुणी चाखायला लावलं नव्हतं.

दुसरं गिऱ्हाईक जठारपेठेतलं. घर शहरात, शेती बाहेर. वर्षात तीन क्लचप्लेटा जाळल्या आणि चौथ्यांदा आमच्यावर ओरडत आले. सत्तारभाई त्यांच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून एक चक्कर मारून आले. गृहस्थांचा डावा पाय सगळा वेळ पेडलवर टेकलेला होता, त्यामुळे क्लच अर्धवट सुटलेला आणि प्लेट घासत राहिलेली. आयुष्यभर बंडी, म्हणजे बैलगाडी, हाकलेल्या माणसाला पाय लोंबता ठेवता येत नाही, पायाखाली काहीतरी लागतं. सत्तारभाईंनी दुसऱ्या दिवशी पेडलच्या बाजूला पाय ठेवायला एक लाकडी फळी बसवून दिली आणि म्हणाले, "भाऊ, हे तुमची बंडी, आन थे तुमचा ट्रॅक्टर. पाय हिच्यावर ठेवत जा." चौथी प्लेट पाच वर्षं चालली.

अशी बरीच प्रकरणं आहेत, आणि ती सांगताना मला बरं वाटतं. पण मला जे लिहायचं आहे ते वेगळं आहे आणि ते सांगताना बरं वाटत नाही.

माझ्या निवृत्तीला तीन-चार वर्षं उरली असताना मोठ्या शेठनी कारभार मुलाकडे दिला. त्यांना आम्ही छोटे शेठ म्हणायचो. पुण्यात शिकून आलेले, वागायला सभ्य. त्यांनी जॉबकार्डं संगणकावर आणली आणि एक नियम केला. दुरुस्त झालेला ट्रॅक्टर त्याच तक्रारीसाठी परत आला, तर ते काम मिस्त्रीच्या नावावर मांडायचं. वर्षात तीन कामं परत आली की मिस्त्रीनं टेबल सोडायचं आणि धुलाईच्या रॅम्पवर जायचं. नियम वाईट नव्हता. हलगर्जी करणारे मिस्त्री होतेच. मीही त्या बैठकीत मान हलवली होती.

सत्तारभाईंच्या नावावर त्या वर्षी दोन कामं लागली होती. एकात त्यांची चूक नव्हती. दुसऱ्यात होती. एक पिन घालायची राहिली, कारण त्यांना ती दिसलीच नाही. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं आणि नंतर महिनाभर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, असंही सांगितलं होतं. मी सुटी मंजूर करून देतो म्हणालो, तर ते म्हणाले, "महिनाभर टेबल सोडलं, तं टेबल माहं राहत नाई साहेब." त्यांचं म्हणणं खरं होतं. त्यांच्या टेबलावर डोळा असलेले दोघेजण होते. चाळीस वर्षं ज्या माणसाला लोक लांबून शोधत आले, त्यानं त्याच लोकांसमोर हातात पाण्याचा पाइप धरायचा, ही त्यांची खरी भीती होती. तिसरं काम परत आलं की ती खरी होणार होती. वर्कशॉपमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं.

आता माझा एक नियम. फ्लायव्हील किंवा ड्रम लेथवर पाठवताना तोंडी निरोप द्यायचा नाही, माझ्या सहीची चिठ्ठी द्यायची. आमच्याकडे लोखंड तासायचा लेथ नव्हता. शेजारच्या शेडमध्ये काशिनाथचा होता. एकदा तोंडी निरोपातून एक महागाचा ड्रम वाया गेला, तेव्हापासून मी ही पद्धत घातली. काशिनाथ चिठ्ठीत लिहिलंय तेवढंच करायचा, त्याच्या वर नाही आणि खाली नाही. चिठ्ठ्या तो भिंतीवरच्या तारेत ओवून ठेवायचा, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर दाखवायला. या शिस्तीचं श्रेय मी बरेच दिवस घेतलं.

त्या वर्षी डिसेंबरात सुमनताईंचा ट्रॅक्टर आला. परतवाड्याच्या पुढे, चिखलदऱ्याच्या घाटाखाली त्यांची संत्र्याची बाग आहे. यजमान गेल्यापासून बाग त्या स्वतः बघतात आणि ट्रॅक्टरही स्वतःच चालवतात. ट्रॅक्टर म्हणजे त्यांच्या सासऱ्यांनी घेतलेला परदेशी बनावटीचा जुना, छोटा, बागेतला ट्रॅक्टर. उभा राहिला तर माझ्या छातीपर्यंत येईल एवढाच. मोठे ट्रॅक्टर संत्र्याच्या ओळींत शिरले तर खालच्या फांद्या मोडतात. हा मात्र फांद्यांखालून वाकून गेल्यासारखा जातो. असे आता जिल्ह्यात किती उरले असतील कुणास ठाऊक. बनवणारी कंपनी बंद पडली, माहितीपुस्तक कुणाकडे नाही.

क्लच पार संपला होता. प्लेटचं अस्तर झिजून रिव्हेट उघडे पडले होते आणि त्या रिव्हेटांनी फ्लायव्हीलवर गोल चरे पाडले होते. नवी प्लेट नागपूरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात दोन दिवस हिंडून मिळाली. फ्लायव्हील लेथवर पाठवायचं होतं. त्या दिवशी छोट्या शेठची कसलीशी बैठक होती. मी उभ्या उभ्या चिठ्ठी लिहिली. "घासणारी बाजू चरे जाईपर्यंत घ्यावी." खाली सही केली आणि बैठकीला गेलो.

या वाक्यात काय राहिलं ते सांगतो. त्या फ्लायव्हीलचा आकार सपाट थाळीसारखा नसतो, कड असलेल्या ताटासारखा असतो. मधल्या खोलगट भागात प्लेट बसते आणि प्रेशरप्लेटचं झाकण बाहेरच्या उंच काठावर बोल्टनं आवळतात. मधला भाग लेथवर दीड मिलिमीटर खाली नेला, तर काठही दीड मिलिमीटर खाली न्यावा लागतो. नाहीतर डब्याचा तळ खाली जातो आणि झाकण होतं तिथेच राहतं. आतली भाकर नवी असली तरी तिच्यावर पुरता दाब येत नाही. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत मला यावर प्रश्न आला होता आणि मी तो बरोबर सोडवला होता.

काशिनाथनं चिठ्ठीप्रमाणे मधला भाग आरशासारखा करून दिला. काठाला हात लावला नाही.

सत्तारभाईंनी फ्लायव्हील टेबलावर ठेवलं, पुसलं आणि अंगठा मधल्या भागावरून काठाकडे नेला. परत एकदा नेला. मग मला हाक मारली.

"साहेब, याचा काठ बी घ्या लागते ना? उंच वाटून राहिला मले."

मी लांबूनच बघितलं. फ्लायव्हील चकचकीत होतं.

"चिठ्ठीप्रमाणे झालंय ना, सत्तारभाई?"

"चिठ्ठीपरमाने हाय."

"मग बसवा."

त्यांनी आणखी एकदा अंगठा फिरवला आणि काठावर झाकण ठेवलं. मला वाटलं, यांना दिसत नाही म्हणून असं वाटतंय. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होतो. ते बोटांनी बोलत होते.

वर्कशॉपच्या आवारात ट्रॅक्टर छान चालला. पुढे-मागे, सगळे गिअर, काही तक्रार नाही. मागे औजार नसताना कुठलाही क्लच चांगलाच वागतो. सुमनताई न्यायला आल्या, एक फेरी मारून बघितली आणि सत्तारभाईंना म्हणाल्या, "भाऊ, आता माह्या संत्र्याचा ताण तुमच्या भरोशावर तोडते." थंडीत झाडांचं पाणी तोडून त्यांना ताण देतात, मग ओळींमधून वखर फिरवून पाणी सोडतात, तेव्हा बहार येतो. उशीर झाला तर बहार पुढे जातो. त्या कामासाठीच त्यांना ट्रॅक्टर वेळेत हवा होता.

पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज शांत होता, तो जास्त लागला. "साहेब, तुमचा नवा क्लच बगीचात आरती करून राहिला. आवाज मोठा, धूर बी निंगते, पन देव काई जागचा हालत नाई."

मी आणि सत्तारभाई दुसऱ्या सकाळी गेलो. वखर जमिनीत घातला आणि क्लच सोडला. इंजिन ओरडायला लागलं, चाकं अर्धी फिरून थांबली आणि जळक्या अस्तराचा वास आला. मी क्रमानं तपासायला लागलो. पेडलची ढिलाई कमी भरली, ती जुळवली. फरक नाही. दांड्या, सांधे बघितले. ठीक. मग वरचा गिअर टाकला, दोन्ही ब्रेक दाबून धरले आणि क्लच सोडला. क्लच चांगला असेल तर इंजिन जागच्या जागी बंद पडायला हवं. ते बंद पडलं नाही. फिरतच राहिलं. नवी प्लेट झिजलेल्या प्लेटसारखी घसरत होती.

सुमनताई बांधावर उभ्या होत्या. त्यांनी मला काही विचारलं नाही. सत्तारभाईंना विचारलं, "काहून भाऊ, हात चुकला काय?"

सत्तारभाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. "खोलून पाह्यल्याशिवाय कसं सांगू ताई," एवढंच म्हणाले.

ट्रॅक्टर ट्रॉलीवर घालून अमरावतीला आणला. महिन्याचा शेवटचा दिवस होता. संगणकावर परत आलेल्या कामाचं कार्ड उघडायचं तर आधी कारण भरावं लागायचं, त्याशिवाय यंत्र पुढे जात नसे. कारणाच्या रकान्यात दोनच पर्याय होते. 'पार्ट' आणि 'फिटिंग'. साहेबाची चूक, असा तिसरा पर्याय ते बनवणाऱ्याला सुचला नव्हता. 'पार्ट' निवडला तर प्लेट विकणाऱ्याचे कागद जोडावे लागत, आणि आमची प्लेट जुन्या बाजारातली होती. माझी समजूत होती की प्लेटला ग्रीस लागलं असावं. नवी प्लेट घसरते ती बहुतेक वेळा त्यामुळेच. सत्तारभाई दारात उभे होते. मी म्हणालो, "भाई, सध्या फिटिंग टाकतो. खोलल्यावर वेगळं निघालं तर दुरुस्त करू."

"लिवा साहेब," ते म्हणाले.

मी बटण दाबलं. तिसरं काम मांडलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सत्तारभाईंनी ट्रॅक्टर खोलला. प्लेट कोरडी होती. ग्रीसचा, तेलाचा थेंब नाही. दिशा बरोबर, स्प्रिंग शाबूत, बोल्ट सारख्या ताणाचे. इतकी नीट जोडणी मी शिकाऊ मुलांना दाखवायला ठेवली असती. मग बघण्यासारखी एकच जागा उरली. मी काठावर स्टीलची पट्टी आडवी ठेवली आणि व्हर्नियर खाली सोडला. लेथवर पाठवताना सवयीनं मोजून वहीत लिहिलेला आकडा माझ्याजवळ होता. खोली त्याहून बरोबर दीड मिलिमीटर जास्त भरली.

मी काशिनाथच्या शेडमध्ये गेलो. त्यानं तारेतून चिठ्ठी काढून दिली. माझंच अक्षर, माझीच सही. काठाचा उल्लेख नाही. काशिनाथ म्हणाला, "साहेब, मले वाटलं काठ नाई घ्याचा असंन. तुमी लिवलं नवतं." पुढे म्हणाला की सत्तारभाई बसवायच्या आधी त्याच्याकडे येऊन विचारून गेले होते, आणि चिठ्ठी त्याच्याकडून वाचून घेऊन परत गेले होते.

चिठ्ठी मी शर्टाच्या खिशात ठेवली.

काठ दीड मिलिमीटर खाली घेतला, प्लेटवरची चमक कानशीनं मोडली आणि ट्रॅक्टर जोडला. ब्रेक दाबून क्लच सोडल्याबरोबर इंजिन गचकन बंद पडलं. सुमनताईंचं पाणी दहा-बारा दिवस उशिरा सुटलं. त्या वर्षी बहार कमी धरला, असं त्यांनी पुढे सांगितलं, पण त्याला हवामानही कारण होतं, असंही त्याच म्हणाल्या. त्या मनानं चांगल्या आहेत.

मी छोट्या शेठकडे गेलो आणि सांगितलं की कारण बदलायला हवं, चूक लेथच्या कामाची आहे, आणि ते काम मी लिहून दिलं होतं. काठ लिहायचा मी विसरलो.

त्यांनी माझ्याकडे आपुलकीनं बघितलं. "साहेब, तुमचं मन मोठं आहे. पण किती वेळा त्यांना पाठीशी घालणार? पिनच्या वेळीही तुम्ही असंच म्हणाला होतात."

पिनच्या वेळी मी खरंच खोटं बोललो होतो. आता खरं बोलत होतो.

"या वेळी खरंच माझी चूक आहे," मी म्हणालो.

ते हसले. "तुमच्यासारखा इंजिनियर काठ विसरला, हे मी कुणाला सांगू? त्यांचे डोळे गेलेत, सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्याच भल्याचं आहे. एखाद्या दिवशी हात अडकला तर?"

चिठ्ठी माझ्या खिशात होती. ती टेबलावर ठेवली असती तर बोलायला काही उरलं नसतं. मी ती ठेवली नाही. का ठेवली नाही, हे मी बरीच वर्षं स्वतःला वेगवेगळ्या प्रकारे सांगून बघितलं. महिना बंद झाला होता, संगणकात बदल होत नव्हता, त्यांना खरंच विश्रांती हवी होती. खरं एवढंच आहे की माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मी खरं बोललो होतो, तेवढं माझ्यापुरतं पुरेसं झालं. मूर्तिजापूरच्या गल्लीतला इंजिनेर शाबूत राहिला.

ती चिठ्ठी खिशातच राहिली आणि त्या आठवड्यात शर्टाबरोबर धुण्यात गेली. बायकोनं खिशातून लगदा काढून टाकला.

सोमवारपासून सत्तारभाई रॅम्पवर गेले. त्यांनी भांडण केलं नाही, कुणाकडे गेले नाहीत. आपल्या टेबलाचा खण रिकामा केला आणि पाने-हातोडे फडक्यात बांधून घरी नेले. रॅम्पवर ते टायर, मडगार्ड, इंजिनाचा तळ असं सगळं बोटं फिरवून धुवायचे. धुता धुता कुठे तेल गळताना हाताला लागलं तर वर जाऊन मिस्त्रीला सांगायचे. सुरुवातीला मिस्त्री ऐकायचे. नंतर कुणीतरी म्हणालं, "भाई, तुमी धुवा फक्त." तेव्हापासून सांगणं बंद झालं.

जुनी गिऱ्हाइकं त्यांना रॅम्पवर बघून थबकायची. काही जण नजर चुकवून जायचे. एकानं गमतीनं विचारलं, "काय सत्तारभाई, आता आमाले बी आंघोय घालता काय?" ते हसले आणि पाण्याचा पाइप हातातच धरून उभे राहिले. मी ऑफिसच्या खिडकीतून बघत होतो.

दोन-तीन आठवड्यांनी दुपारच्या सुटीत मी त्यांच्याजवळ गेलो. ते रॅम्पच्या कठड्यावर डबा खात होते. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला होता. मी उभ्यानंच सांगितलं की काठाची चूक माझी होती, तुम्ही मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही.

त्यांनी घास संपवला. "मले मालूम होतं साहेब."

"मग तुम्ही अडून का बसला नाहीत? बसवणार नाही, म्हणायचं."

मला वाटलं होतं ते म्हणतील, कसा अडून बसू. त्यांनी जरा विचार केला.

"मालूम होतं, तरी म्या बसवलं," ते म्हणाले. "बोटाले कयत होतं का हे बराबर नाई. तुमची चिठ्ठी होती म्हून बसवलं. तं मंग ते फिटिंगचीच चूक झाली ना? कम्पुटरात बराबरच लिवलं तुमी."

ते रागानं बोलत असते तर मला उत्तर देता आलं असतं. ते मला समजावत होते. मी आजारी असल्यासारखे मला धीर देत होते. मी म्हणालो, पुढच्या महिन्यात शेठशी पुन्हा बोलतो. ते म्हणाले, "काहून बोलता आता. बाईचा ट्रॅक्टर चालून राहिला ना?" मी हो म्हणालो. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि पाइप उचलला. मी पुढच्या महिन्यात बोललो नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

उन्हाळ्यात त्यांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. आता सांभाळायला टेबल नव्हतं. दोन्ही डोळ्यांना स्पष्ट दिसायला लागलं. मग ते कामावर परत आले नाहीत.

माझ्या निवृत्तीचा समारंभ वर्कशॉपच्या आवारातच झाला. मांडव घातला होता, जेवण होतं, मूर्तिजापूरहून आमच्या गल्लीतले लोक आले होते. ज्या सरांनी फॉर्म भरला ते हयात नव्हते. त्यांचा मुलगा आला होता. सत्तारभाईंना मी स्वतः घरी जाऊन बोलावलं होतं. ते पांढरा कुर्ता घालून शेवटच्या रांगेत बसले होते.

छोट्या शेठनी भाषण केलं. त्यांनी संगणकातून माहिती काढली होती. ते म्हणाले, "ही पद्धत सुरू झाल्यापासून परत आलेल्या एकाही कामावर साहेबांचं नाव नाही. एकाही." ते खरं होतं. तसा रकानाच नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शेवटच्या रांगेकडे बघितलं. सत्तारभाईही टाळ्या वाजवत होते, मनापासून.

मग मला बोलायला सांगितलं. घरून निघताना मी ठरवून आलो होतो की आज माइकवर काठाची गोष्ट सांगायची. त्या माणसासमोर, सगळ्यांसमोर. मी उभा राहिलो आणि आभारांनी सुरुवात केली. वडिलांचे, आईचे, सरांचे, गल्लीचे, मोठ्या शेठचे, छोट्या शेठचे, प्रत्येक मिस्त्रीचे, नाव घेऊन. आभार मानण्यासारखी माणसं माझ्या आयुष्यात खरंच खूप आहेत. सत्तारभाईंचं नाव आलं तेव्हा म्हणालो की मला लोखंड त्यांनी वाचायला शिकवलं. त्यांना उभं राहायला सांगितलं, आणि ते संकोचानं अर्धे उभे राहून बसले. पुढचं वाक्य तेच होतं जे बोलायचं होतं. मी पाणी प्यायलो आणि शेवटचे आभार मंडपवाल्याचे मानून खाली बसलो.

जेवणं झाली. माणसं भेटून जात होती. सगळ्यांत शेवटी सत्तारभाई आले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. ऑपरेशननंतर त्यांचे डोळे फार स्वच्छ दिसत होते, आणि ते सरळ माझ्याकडे बघत होते.

"भाषन चांगलं झालं साहेब," ते म्हणाले. "एवढ्या लोकाइत तुमी माहं नाव घेतलं."